चढाला लावलेला खांदा

शहादेवच्या काळजातली झडप बदलून दीड दिवस झाला, तरी ते काळीज उभारी धरीना. दोन औषधं सुईतून सारखी चालली होती अन् रक्तदाब खाली खालीच.

डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला, चंद्रभागाबाईंना, समजावत होत्या. "औषध वाढवलं तर हृदय जोर करील, पण दमलंय ते, ठोके बिघडायची भीती. नाहीतर जांघेतल्या रक्तवाहिनीतून हृदयाजवळ फुगा घालू. हृदय दम खातं तेव्हा मशीन तो फुगवतं, रक्त ढकलायला लागलं की सोडतं. ओझं हलकं होतं. पण पायाचं रक्त अडू शकतं. खात्री कशाचीच नाही, मावशी. लवकर सांगा."

धाकटा दीर बंकट संमतीच्या कागदावर हात ठेवूनच बसला. "वैनी, मशीन नगं. आपल्या गावचं कोण मशीनवरून माघारी आलंय? औषधच वाढवा म्हणावं."

बाईंनी डोळे मिटून पांडुरंगाला विचारलं. डोळ्यांपुढं आला तो दुष्काळाच्या सालातला साखर कारखान्याच्या वाटेवरचा चढ. वैरण नव्हती, बैलांच्या नुसत्या बरगड्या. उसाची गाडी चढावर अडली की बंकट आसूड ओढायचा. शहादेव मात्र खाली उतरून मागून खांदा लावायचा, तोंडानं विठ्ठल विठ्ठल.

"भावजी, तुमचा बाळ्या बैल कुठं पडला वो?"

बंकट चपापला. "कारखान्याच्या वजनकाट्याजवळ. आता कामून काढता त्येचं नाव?"

"आन् ह्यांचा बैल?"

"...घरी आलता."

"मग हात काढा."

बाईंनी सही केली. फुगा बसला. पाय गार लागला तर लगेच सांगा, असं नर्सनं बजावलेलं. म्हणून भेटीची वेळ झाली की बाई आधी तळवा धरायच्या. मशीनच्या ठोक्याला ओठांत नाम चालायचं. सप्ताहात मृदंग वाजवणारा त्यांचा धनी असा मुका पडलेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मशीन एकाआड एक ठोक्यावर आणलं. "आता मधला ठोका त्यांचा एकट्याचा."

मशीन वाजलं. गप्प झालं. कीर्तनात बुवा हातानं टाळ थांबवतात अन् एकट्या मृदंगाकडं बघतात, तेव्हा सगळा मंडप श्वास रोखून धरतो. तसाच बाईंनी धरला.

पडद्यावर त्याची रेघ उठली. मग मशीन. मग पुन्हा त्याची रेघ, मशीनच्या रेघेपेक्षा जराशी बुटकी.

"मावशी, श्वास घ्या," नर्स म्हणाली.

बाईंनी तळवा चाचपला. कोमट होता. नजर मात्र त्यांनी रेघेवरून हलवली नाही.