उलटा फर्मा

गाठ तिचीच होती. पिवळट दोरा, दोन वेढे आणि वर उगाच तिसरा — तिचे बाइंडर वडील, अप्पा, गेल्यावर तिनं एकटीनं बांधलेलं ते पहिलंच पुस्तक, आणि तो तिसरा वेढा निव्वळ भीतीपोटी. बावीस वर्षांनी ते तिच्या टेबलावर परत आलं होतं, कणा मोडून. मुखपृष्ठावर तलवार उपसलेली बाई, मागे धुरातून डोकावणारा जादूगार... रंग उडाले होते, बाईची नजर तेवढी शाबूत.

"हे रद्दीत टाका," ग्रंथपाल सकाळी म्हणाले होते. "तलवारी, चेटूक, राक्षस! मोठी माणसं वाचतात का हे असलं? दुपारी गठ्ठा जाईल."

"कणा वाचूनच मोडलाय ना, साहेब," ती म्हणाली, तर ते हसले — बाइंडिंगवाल्या बाईंना काय कळतंय, असं. कळत होतं तिला! इतकी वर्षं ती पुस्तकांचे कणेच तर बघत आली होती. काचेच्या कपाटातले थोर ग्रंथ फोटोला उभं राहिल्यासारखे ताठ. मोडून यायची ती हीच.

तिनं दोरा कापला. सोळा-सोळा पानांचे अकरा फर्मे सुटे झाले. शेवटचे दोन उलटे. अकरावा आधी, दहावा नंतर. तिनंच शिवलेले, तेव्हा — डोळ्यांना सारखं पाणी, अप्पांच्या स्टुलावर बसवत नव्हतं... म्हणजे झालं काय, तर बाई आधी मरते, जादूगाराच्या पायाशी. आणि पान उलटलं की तीच बाई तलवार परजत किल्ल्याच्या दारावर चाल करून जाते, ओरडते, 'दार उघडलं नाहीत, तर' — आणि तिथंच पुस्तक संपतं. चूक कळली तोवर ते वाचकाच्या घरी गेलं होतं. दुरुस्तीला परत येईल तेव्हा गुपचूप सुधारू, असं ती बावीस वर्षं मनाशी घोकत होती.

तक्रार मात्र एकानंही केली नाही. उलट ती निवृत्त नर्स, सहाव्यांदा हेच नेताना जिन्यात म्हणाली होती, "मेली तरी ऐकत नाही गं ही! मला हीच लागते." तेव्हा आपली चूक आठवून ती ओशाळली होती. ओशाळायचं काय होतं त्यात? अप्पा गेले त्या आठवड्यात थोर ग्रंथांनी तिला मरण कसं स्वीकारावं ते पानंच्या पानं समजावलं होतं. नको होतं तिला समजावणं. कुणीतरी उठून दार फोडायला हवं होतं.

खाली रद्दीवाल्याची गाडी लागली. जिन्यावर साहेबांच्या चपला वाजल्या. दोन्ही फर्मे तिच्या हातात होते; नीट लावायला मिनिटही लागलं नसतं. येऊ देत त्यांना. तिनं सुईत दोरा ओवला, आधी अकरावा शिवायला घेतला, मग दहावा... अप्पांच्या स्टुलावर ती ऐसपैस बसली होती, आणि चपला जवळ येत गेल्या तसं ते अर्धंच वाक्य तिच्या जिभेवर घोळू लागलं — दार उघडलं नाहीत, तर...