एकेचाळिसावं कार्ड

मी खण बोलतोय. अख्खं कपाट नव्हे, नुसता एक खण. हातभर लांब, वीतभर रुंद, अस्सल सागवानी, सरकायला भोवती माझ्यापुरता लाकडी कप्पा. समोर पितळेची कडी, कडीच्या वर नावाची चिठ्ठी सरकवायची चौकट, आणि पोटातून आरपार गेलेली एक लोखंडी सळई. सध्या माझा मुक्काम जुन्या सामानाच्या दुकानात, एका मोडक्या खुर्चीवर आहे. येणारे-जाणारे मला ओढतात, "कार्डं आहेत वाटतं कसली तरी" म्हणतात आणि परत ढकलतात. नीट कोणी बघत नाही. म्हणून म्हटलं, आता आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म एका ग्रंथालयासाठी झाला. एका उंच कपाटात आम्ही साठ भावंडं होतो. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, कार्डाला खाली एक भोक, भोकातून सळई. कोणी आगाऊपणा करून कार्ड उपटू नये, म्हणून ही व्यवस्था. माझ्या वाट्याला 'प' ते 'ब' आले होते. जाडजूड ग्रंथ असो की चार पानांचं चोपडं, कार्ड एकाच मापाचं आणि जागा अक्षरावरून. कोण सरस, कोण नीरस, हा प्रश्नच नाही. मला ते फार पसंत होतं. शिस्तीत वाढलेला जीव मी.

ही कार्डं लिहायचं काम जिच्याकडे होतं, तिला मी ताई म्हणतो. पुढे ज्या घरात गेलो तिथे तिला तेच नाव होतं. अक्षर असं की छापल्यासारखं. एका कार्डात चूक झाली तर ती खाडाखोड करायची नाही, नवं कार्ड घ्यायची. वाचक नसले की स्वतःशी काहीतरी गुणगुणायची आणि कोणी आलं की लगेच गप्प व्हायची.

मग ग्रंथालयात संगणक आले. कपाट भंगारात निघालं, माझी एकोणसाठ भावंडं कुठे गेली देव जाणे. मला तेवढं ताईनं कप्प्यासकट मागून घेतलं, पिशवीत घातलं आणि तीन मजले चढवून घरी आणलं.

घर दोन खोल्यांचं आणि माणसंही दोनच. ताई आणि तिचा धाकटा भाऊ. आईवडील कधीच गेले होते. भावाला तिनंच वाढवलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी हाताचं ग्रीस केरोसिननं पुसत त्यानं मला बघितलं.

"हे काय आणलंस? कांदे ठेवणार का यात?"

"गाणी," ताई म्हणाली.

तिथून माझ्या आयुष्याची घडी विस्कटली. 'प' ते 'ब' गेलं आणि माझ्या पोटात आले पॉपचे आणि हिपहॉपचे अल्बम, सुटी गाणी, प्रत्येकाचं कार्ड, आणि तीही अक्षराप्रमाणे नव्हे, आवडीप्रमाणे! पहिलं, दुसरं, तिसरं. मला तर लाजल्यासारखं झालं. वर माझ्या डोक्यावर सीडी वाजवायचं यंत्र ठेवलं. जन्मभर 'शांतता राखा' या पाटीखाली काढलेला मी, आणि आता ढोलाचा दणका थेट सळईतून पोटात. पहिले काही महिने मी खरंच रुसून होतो. ओढलं की मुद्दाम अडकायचो.

ताईला पॉप आवडायचं. हिपहॉप घरात आणलं ते भावानं. "हा गातोय का भांडतोय?" असं तिनं पहिल्यांदा विचारलं होतं. तीन महिन्यांत त्याच भांडणाऱ्याचा अल्बम सहाव्या क्रमांकावर आला. दोघांचे वाद ऐकण्यासारखे असायचे.

"एक सुटं गाणं आणि अख्खा अल्बम एकाच रांगेत? हा कुठला न्याय?"

"घोटभर पाणी आणि ताटभर जेवण. तहान लागली असेल तर काय वर ठेवशील?"

"तू वकील व्हायला हवी होतीस."

क्रमवारीचा दिवस ठरलेला होता, वर्षातला शेवटचा रविवार. त्या दिवशी ताई सळईची फिरकी आधी आत दाबायची, मग फिरवायची आणि सळई बाहेर काढायची. एरवी कार्ड हलवायचं नाही. आणि हलवायचं तर एक नियम होता. गाणं त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. आठवणीवर क्रम लावायचा नाही. "आठवण लबाड असते," ताई म्हणायची. एखादं गाणं वर-खाली झालं की कार्डाच्या मागे वर्ष, आकडा आणि एक ओळ शेरा. नव्या गाण्याला मात्र आल्या दिवशी जागा मिळायची, पण ऐकूनच.

असे त्रेसष्ट जण माझ्या पोटात नांदत होते तेव्हाची गोष्ट. एका सुट्टीच्या दिवशी भाऊ धावतच वर आला. त्यानं स्वतः एक गाणं केलं होतं. त्याच्या मित्राचं गाद्यांचं दुकान होतं. दुकान बंद असताना चहूबाजूंनी गाद्या उभ्या करून, मध्ये बसून त्यांनी ते ध्वनिमुद्रित केलं होतं. नाव होतं 'तिसरा मजला'. बादल्या घेऊन जिना चढणाऱ्या माणसांचं रॅप. पन्नास सीडी काढल्या होत्या, त्यातली पहिली ताईला.

गाणं सुरू व्हायच्या आधी त्यात भावाचा खोकला ऐकू येतो. मग तो मित्राला विचारतो, "चालू आहे का?" आणि मग ठेका सुरू होतो.

ताईनं ते तीनदा ऐकलं. भाऊ खिडकीपाशी पाठ करून उभा होता. मग तिनं आजूबाजूची दहा-बारा गाणीही काढून ऐकली, तुलनेला. दीड तास गेला. शेवटी तिनं नवं कार्ड लिहिलं, सळई काढली, कार्ड घातलं, सळई लावली.

"कितवं?" भावानं विचारलं.

"एकेचाळिसावं."

"एकेचाळीस."

"चौसष्टांत एकेचाळीस म्हणजे वाईट नाही रे. ठेका छान आहे. सुरुवातीचा खोकला काढायला हवा होता."

"आणि चाळिसावं कोणतं?"

ताईनं खरं ते सांगितलं. चाळिसावं होतं एका मुलीचं नाचाचं गाणं, ज्यात ती साडेतीन मिनिटं फोनवर "हॅलो, हॅलो" एवढंच म्हणते. भाऊ त्या गाण्याची रोज टिंगल करायचा.

"म्हणजे हॅलो हॅलो माझ्या वर," तो म्हणाला आणि हसला. खूप हसला. मग जेवला, ताट घासून ठेवलं, झोपला. ताईला वाटलं, त्यानं हसण्यावारी नेलं. मलाही तसंच वाटलं. लाकडाला माणसाचं हसणं काय कळणार, पण तिला कळायला हवं होतं.

दोन महिन्यांत त्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरली. फोन यायचे. आधी दर आठवड्याला, मग महिन्यानं, मग वाढदिवसाला. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "हो." गाण्यांचं नाव दोघंही काढत नसत. अळीमिळी गुपचिळी.

सहा वर्षांनी ताईनं नवी गादी मागवली. घेऊन आला तो गादीवाला मित्र. चहा पिता पिता माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाच का तो खण?"

"कुठला तो?"

"एकेचाळीसवाला. अहो, तो सगळ्यांना सांगायचा, आमच्या ताईच्या यादीत मी एकेचाळिसावा. आम्ही हसायचो. नंतर त्यानं गाण्यांची वहीच फाडून टाकली. पुन्हा एक ओळ लिहिली नाही."

गादीवाला गेल्यावर ताई नव्या गादीवर बसली नाही, जमिनीवर माझ्यासमोर बसली. रविवारही नव्हता, वर्षअखेरही नव्हती. तिनं सळई काढली, एकेचाळिसावं कार्ड उचललं आणि सगळ्यांच्या पुढे धरलं. मी मनात म्हटलं, ठेव. एकदा खोटं वागलीस तर आकाश कोसळणार नाही. जो मी क्रमवारीच्या नावानं बोटं मोडायचो, तो मी त्या दिवशी एका कार्डासाठी वशिला लावत होतो.

ताईनं कार्ड परत एकेचाळिसाव्या जागी ठेवलं. "भीक घातल्यासारखं होईल," ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला फक्त मी होतो.

पण त्या वर्षीच्या शेवटच्या रविवारी तिनं 'तिसरा मजला' ऐकलं आणि ते छत्तिसावं आलं. पुढच्या वर्षी एकोणतिसावं. हॅलो हॅलो केव्हाच मागे पडलं. ताई ते गाणं आता आठवड्यातून एकदा लावायची. कामावरून यायची, चपला काढायची, यंत्राचं बटण दाबायची. दोन खोल्यांत खोकल्याचा आवाज यायचा आणि कोणीतरी विचारायचं, "चालू आहे का?" एकदा तर ती पलीकडच्या खोलीतून "हो, चालू आहे" म्हणाली.

कार्डाच्या मागचे शेरे मला पाठ आहेत. कितीदा तरी तिनं ते लिहिताना वाचले. पहिला: 'सुरुवातीचा खोकला काढायला हवा होता.' छत्तिसाव्या क्रमांकाचा: 'दुसरं कडवं पहिल्यापेक्षा चांगलं, हे आधी लक्षात आलं नाही.' सतराव्या क्रमांकाचा: 'खोकला राहू दे.'

सतरावं आलं तेव्हा तिनं फोन हातात घेतला होता. पण मग म्हणाली, "सतरावं आलंय असं सांगायला फोन करू? पुन्हा तेच व्हायचं. पहिलं आलं की करीन." तिथेच ती चुकली. ताई कार्डांच्या बाबतीत कधी चुकली नाही, माणसाच्या बाबतीत चुकली. त्याला सतरासुद्धा पुरलं असतं. मला दिसत होतं ते, पण मी खण. मला ओढल्याशिवाय बाहेर येता येत नाही.

ताई निवृत्त झाली. गुडघे गेले, मग तीन मजले उतरणंही कमी झालं. महिनोन् महिने त्या घरात त्या गाण्याशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता. गाणं अकरावं आलं, पाचवं आलं. तीन वर्षं तिसऱ्यावर अडून बसलं आणि ताईनं एका पायरीचीही सूट दिली नाही. तिला आता एकच हवं होतं. गाणं खरोखर पहिलं यावं आणि ते त्याला कळावं.

मागच्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी तिनं पहिली तीन गाणी ओळीनं ऐकली. पुन्हा ऐकली. दुपारचा चहा विसरली. मग सळई काढली आणि 'तिसरा मजला' सगळ्यांच्या पुढे ठेवलं. मागे शेरा लिहिला: 'पहिलं. कोणाची भीड न धरता.' त्यावर धूळ बसू नये म्हणून नेहमीसारखं त्याच्या पुढे एक कोरं निळं जाड कार्ड लावलं आणि भावाला फोन केला.

"काय गं ताई? बरी आहेस ना?" त्याचा आवाज घाबरलेला होता. वाढदिवस नव्हता ना कोणाचा.

"बरी आहे. सहज केला. येतोस का एकदा? काही दाखवायचंय."

"काय?"

"फोनवर नाही सांगता येणार. तुझा विश्वास नाही बसायचा. खण उघडूनच दाखवायचंय."

"बघतो," तो म्हणाला. "मार्चनंतर काम कमी होतं."

ताई फेब्रुवारीत गेली.

तो आला. केस पांढरे झालेले, हातावर तेच ग्रीसचे डाग. दोन दिवसांत त्यानं घर आवरलं. भांडी कोणाला, कपडे कोणाला. माझ्या डोक्यावरच्या यंत्राची वायर गुंडाळून ते खोक्यात घातलं. आतली सीडी त्यानं काढून बघितली नाही. माझ्याकडे मात्र तो सगळ्यात शेवटी आला. जमिनीवर बसला, अगदी ताई बसायची तिथे, आणि मला ओढलं. मी अडकलो नाही. इतक्या अलगद मी कधीच सरकलो नसेन.

माझ्यात दहा-दहा कार्डांमागे आकड्यांचे उंच कागद आहेत. त्याचा अंगठा थेट 'चाळीस'वर गेला. त्याच्या मागचं एक कार्ड. कोणाचा तरी अल्बम. त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. पन्नास, साठ, ऐंशी. शेवटच्या कार्डापर्यंत तो मागे मागे गेला. स्वतःचं गाणं शोधायला तो मागेच जात राहिला, पुढे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"काढून टाकलंस होय," तो हळूच म्हणाला. मग मान हलवली. "बरोबर आहे. तू खोटं नाही बोललीस कधी."

त्यानं मला बंद केलं. बंद करताना क्षणभर हात कडीवर ठेवला. दुपारी जुनं सामान घेणारा आला आणि मला घेऊन गेला.

तेव्हापासून मी इथे आहे. दुकानदारानं सळई काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. फिरकी आधी आत दाबावी लागते हे त्याला कोण सांगणार? म्हणून कार्डं अजून जागच्या जागी आहेत. निळ्या कार्डामागे पहिलं कार्ड आहे आणि त्याच्या मागे वीसेक वर्षांचे शेरे आहेत.

मला विकत घ्या असं मी म्हणत नाही. कांदे ठेवलेत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या इमारतीतली लिफ्ट कधी बंद पडली, आणि साठीकडे झुकलेला एक माणूस ती दुरुस्त करायला आला, आणि त्यानं आधी खोकून मग वर कोणाला तरी हाक मारून विचारलं, "चालू आहे का?", तर त्याला जरा थांबवा. चहा विचारा. आणि सांगा, बाबा रे, तू मागे शोधत बसलास. ताईनं तुला पुढे ठेवलं होतं.