ड्रायव्हरच्या बायकोला सांगितलेलं

इस्पितळात त्यांना सगळे 'थोरले' म्हणत. छातीचं ऑपरेशन म्हटलं की दुसरं नाव कुणाच्या तोंडी येत नसे. इतरांनी हात टेकलेले रोगी त्यांच्याकडे येत आणि बहुतेक जण आपल्या पायांनी घरी जात. बत्तीस वर्षं हेच चाललं होतं. बायको म्हणायची, "अहो, माझ्याकडे बघतानाही तुम्ही बरगड्याच मोजत असता." ते हसत, पण ते अगदीच खोटं नव्हतं.

साठी उलटली आणि त्यांच्या उजव्या हाताला बारीक कंप सुटू लागला. तो आधी दिसला मुख्य सिस्टरला. वीस वर्षं त्यांच्या हातात अवजारं तीच देत होती.

"सर, हात एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

"चहा जास्त होतोय, सिस्टर. दुसरं काही नाही."

महिन्याभरानं तिनं पुन्हा विषय काढला. या वेळी त्यांनी नुसते डोळे वटारले. मग तिनंही तोंडाला कुलूप लावलं.

एका मंगळवारी बस चालवणाऱ्या एका माणसाच्या हृदयाची झडप बदलायची होती. पन्नाशीचा, धट्टाकट्टा, बोलका. टेबलावर चढता चढता म्हणाला, "डॉक्टर, आज गाडी तुमच्या हातात. ब्रेक जपून मारा." काम नेहमीचंच होतं. टाका घालताना सुई केसभर सरकली आणि महाधमनीची भिंत फाटली. तीन तास झटूनही रक्त थांबेना. दुपारी दीडला थोरल्यांनी हात मागे घेतले.

बाहेर बाकावर ड्रायव्हरची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. ऐकून तिनं हात जोडले. "तुम्ही शर्थ केलीत. आमचंच नशीब फुटकं."

अशा वेळी मान खाली घालून निघून जायचं असतं. थोरले तिच्या शेजारी बसले.

"नशीब नाही, बाई. माझा टाका चुकला. हात कापतोय हे मला माहीत होतं. सिस्टरनं दोनदा बजावलं होतं."

तिनं जोडलेले हात खाली घेतले.

"हे मला कशाला सांगितलंत? तुम्ही बोललात आणि मोकळे झालात. मी घरी जाऊन सासूबाईंना काय सांगू? देवानं नेलं म्हणणार होते."

"खरं तेच सांगा," ते म्हणाले.

"मग लिहून द्या," ती म्हणाली.

त्यांनी लिहून दिलं. 'चुकला' हा शब्द तेवढा गाळा, म्हणून व्यवस्थापकांनी गळ घातली. ते बधले नाहीत. चौकशी झाली. ती संपायच्या आधीच त्यांनी चाकू खाली ठेवला होता. आता ते सकाळी नुसते रोगी तपासत. त्यांच्या दारासमोरचा बाक रिकामाच असे.

आठ महिन्यांनी ड्रायव्हरची बायको आली, धापा टाकणाऱ्या सासूला धरून.

"माझ्या लेकासाठी फार धडपडलात म्हणे," म्हातारी म्हणाली. "ही सांगत असते."

थोरल्यांनी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. त्यांनी म्हातारीची छाती तपासली. लेकाचाच आजार होता.

"ऑपरेशन करावं लागेल. पण या वयात धोका आहे."

"कोण करणार?" सुनेनं विचारलं.

"माझी विद्यार्थिनी. मी आत नसेन."

"बरं. तुम्ही खरं सांगता म्हणून तर आले," म्हणून तिनं त्यांनी लिहिलेली चिठ्ठी घेतली आणि सासूला उठायला हात दिला.