बाबांची ॲलर्जी आणि काटर बोका

मित्रांनो, मी एक म्हातारा बोका आहे. अमेरिकेतल्या कोलंबस शहरात, विटांच्या एका जुन्या घराच्या पायरीखाली माझा जन्म झाला. तिथून प्रतिमामावशीने मला उचललं. ती विद्यापीठात जर्मन शिकवते. तिने माझं नाव 'काटर' ठेवलं. जर्मनमध्ये काटर म्हणजे बोका. बाईंनी फार डोकं चालवलं नव्हतं.

पुढे कोलंबसशेजारच्या डब्लिन गावातल्या अनिकाला तिच्या आठव्या वाढदिवसाला मावशीने मला देऊन टाकलं. केक खाता खाता तिने माझ्या नावाची गंमत सांगितली. दारू प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं धरतं, त्यालाही जर्मन लोक काटरच म्हणतात. पूर्वी तिकडचे विद्यार्थी रात्री प्यायचे आणि सकाळी 'कटार' झालाय, म्हणजे सर्दी झालीय, असं सांगायचे. सांगता सांगता त्या सर्दीचा बोका झाला म्हणे. त्याहून जुना शब्द काट्सनयामर, म्हणजे मांजरांचं रडणं. नशा उतरल्यावर मनाला जी खंत लागते, तिलाही तोच शब्द. सगळ्यांत मोठ्याने हसले ते अनिकाचे बाबा, श्रीरंग.

माझे चांगले दिवस ते. अनिका अभ्यासाला बसली की मी नेमका तिच्या पुस्तकावर बसायचो आणि ती मला उठवायची नाही.

बाबा आधी फक्त शनिवारच्या पार्टीत घ्यायचे. मग इतर दिवशीही घेऊ लागले. बाटली गॅरेजमध्ये, जादा टायरांच्या मागे असायची. मी त्या टायरांवरच झोपायचो, म्हणून मला ठाऊक. मांजर डोळे मिटून दूध पितं, अशी तुमच्यात म्हण आहे. आम्ही निदान दूध पितो.

सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे, आवाज बसलेला असायचा. कुणी विचारलं की म्हणायचे, ॲलर्जी आहे. वसंतात ते खपून गेलं, कारण तेव्हा इथे निम्मं गाव शिंकत असतं. पण बर्फ पडल्यावर फुलांचे पराग कुठून आणणार? मग बोट माझ्याकडे वळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. अनिकाची आई, सीमा, हिने नाइलाजाने मावशीला फोन केला.

अनिका रडली नाही. "बाबांना मग बरं वाटेल ना?" एवढंच तिने विचारलं आणि माझा पिंजरा स्वतः गाडीत ठेवला. मला फार वाईट वाटलं.

थंडी सरत आली तेव्हा बाबा तिला मावशीकडे, मला भेटायला घेऊन आले. त्यांचे डोळे तसेच लाल होते. अनिका बराच वेळ मला कुरवाळत बसली.

"मावशी, काटर तर तुझ्याकडे आहे. मग बाबांना स्टिल ॲलर्जी कशी?"

मी उठलो आणि जुन्या सवयीने बाबांच्या मांडीवर जाऊन बसलो. त्यांचा हातही सवयीनेच माझ्या पाठीवरून फिरला. त्यांना एकही शिंक आली नाही. अनिका बघत होती.

"त्या स्टुडंट्ससारखं?" तिने हळूच विचारलं.

बाबांनी मला खाली ठेवलं आणि ते बाहेर गाडीत जाऊन बसले. मी खिडकीतून पाहिलं. गाडी चालू न करता ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. मला कुणी परत घरी नेलं नाही. टायरांमागे आता काय आहे, ते मला कळत नाही.

मित्रांनो, मुक्या प्राण्यांना सांभाळा, वेळेवर खायला घाला. पण आपलं दुखणं त्यांच्या गळ्यात बांधू नका. मला बोलता येत नाही, म्हणून माझं नाव पुढे करणं सोपं होतं. अनिकाला बोलता येतं. ती अजूनही मला भेटायला येते, शाळेतलं सगळं सांगते. बाबांच्या ॲलर्जीबद्दल मात्र ती आता काही विचारत नाही.