धुऱ्यावरच्या दोन कॅन

"दादा, तूच फवारलं! माही मिरची पाह्य, पानं कशी आकसून गेली!"

भगवानराव पाठीवर फवारणीचा पंप चढवूनच धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर आला होता. शेडनेटमध्ये बियाण्याच्या मिरचीची फुलं क्रॉस करत, एकाचे परागकण दुसऱ्याला लावत बसलेल्या अन्नपूर्णाबाई चिमटा ठेवून उठल्या.

अन्नपूर्णाबाईंचे यजमान हिंमतराव आणि भगवानराव सख्खे भाऊ. शेतं लागून, बोलणं बंद. वाटणीत धुऱ्यावरून जुंपली, तेव्हा धाकट्याने तणनाशकाची कॅन आणून आपल्या कुंपणाच्या मेढीला टांगली. या औषधाचा नुसता वारा लागला तरी मिरची हातची जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसऱ्याच दिवशी हिंमतरावांनीही तशीच कॅन टांगली. तेव्हापासून धुरा शांत होता.

परवाच नातीने, अपेक्षाने, शाळेत ऐकलेलं हिरोशिमा जेवताना सांगितलं. एकच बॉम्ब, आणि शाळेत निघालेली पोरं, दुकानं, झाडं, सगळ्याची राख. पायरीवर बसलेल्या एका माणसाची नुसती सावली उरली. वाचले त्यांतलेही कितीतरी पाणी पाणी करत गेले. अन्नपूर्णाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला.

"आता त्याहून मोठे हायेत, आजी. आपल्या देशाजवळ बी, शेजारच्या देशाजवळ बी."

"म्हणूनच कोणी टाकत नाही," हिंमतराव भाकरी मोडत म्हणाले. "आपल्या कॅनसारखं हाय ते. दोघंबी भेतात, दोघंबी जगतात."

"आन् एखाद्याची चूक झाली तं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"काऊन होईन चूक?"

अन्नपूर्णाबाई पाण्याचा तांब्या भरायला उठल्या. नवऱ्याचा राग त्यांना माहीत होता, म्हणून दोन वर्षांपूर्वीच त्यांनी आपली कॅन गुपचूप ओतून, धुऊन तिच्यात पाणी भरलं होतं. हिंमतराव मात्र रोज सकाळी तिच्याकडे बघून मिशीला पीळ देत. अन्नपूर्णाबाईंना हसूही यायचं आणि नवऱ्याची मायाही वाटायची.

आज त्याच कॅनला हिंमतरावांनी हात घातला. "म्या नाही फवारलं. पण तू नळी उचलून पाह्य, मंग सांगतो!"

भगवानरावाने नळी उचलली. वारा त्याच्याकडून इकडे वाहत होता. यांच्या कॅनमध्ये पाणी, त्याच्या पंपात खरं औषध. वर्षाची मिरची आणि उरलंसुरलं भाऊपण, दोन्ही त्या नळीच्या तोंडाशी आलं. गप्प राहिलं तर तो भिऊन थांबेल, असं क्षणभर अन्नपूर्णाबाईंना वाटलं. पण आज तो आला होता तो भिऊनच; भिऊनच त्याने पंप भरला होता.

त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आमच्या कॅनमंदी पाणी हाय. म्याच भरलं. तुमच्या मिरचीवर किडीचा बोकड्या रोग पडला, पान उलटून पाहा."

"अवं..." हिंमतरावांनी हातातली कॅन हलवून पाहिली. त्यांच्याकडे बघायचा अन्नपूर्णाबाईंना धीर झाला नाही.

भगवानरावाने कॅनचं झाकण काढून वास घेतला. मग आपल्या मिरचीचं पान उलटलं. खाली बारीक किडे वळवळत होते. नळी हळूहळू खाली गेली.

"म्हंजे मी पाण्याले भेऊन राह्यलो होतो?" तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मंग खरं औषध ओतलं कुठं, वहिनी?"

अन्नपूर्णाबाईंनी धुऱ्यावरच्या बोरीकडे पाहिलं. लहानपणी दोघे भाऊ जिच्या काट्यांत सदरे फाडून घेत, ती बोर दोन वर्षांपासून वाळून उभी होती. वीज पडली असेल, असं हिंमतराव हळहळून सांगत, तेव्हा अन्नपूर्णाबाई विषय बदलत.

"तिच्या बुडाशी. मले वाटलं, झाड मोठं हाय, पचवीन."

भगवानरावाने पंप पाठीवरून उतरवला.

"मंग हे मी कुठं ओतू, दादा?"

हिंमतरावांनी विहिरीकडे पाहिलं, नाल्याकडे पाहिलं, दोन्ही शेतांकडे पाहिलं. त्यांना जागा सुचेना. शेवटी त्यांनी आपली कॅन तिरपी केली आणि धाकट्या भावाच्या हातांवर पाण्याची धार धरली.

"आधी हात धू. चहा घेऊ, मंग पाहू."

भरलेला पंप वाळल्या बोरीखाली तसाच राहिला.