हिरवा ठिपका

सकाळी सातला त्यानं ॲपमधला हिरवा ठिपका उडवला आणि हात झटकले.

"आता तरी बोलतील लेकाचे!"

लोकांनी गप्पा माराव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी खपून त्यानं हे ॲप बनवलं होतं. त्यात फोटो टाकायची सोय, वाद घालायची सोय, रुसून निघून जायचीसुद्धा सोय. सभासद बेचाळीस, सगळे एकटे राहणारे म्हातारे. सकाळी ॲप उघडायचे, नावापुढे ठिपका हिरवा व्हायचा, की लगेच बंद. चकार शब्द नाही. ठिपका दिसायचा तोही त्यांनी निवडलेल्या एकाच माणसाला.

"आज संध्याकाळपर्यंत दोघं तरी बोलताना दाखव," आत्या दारातून म्हणाली. "नाहीतर माझी खोली सोड. शिलाई मशीन काय डोक्यावर घेऊन फिरू?"

आठला पहिला फोन आला.

"बाबांचा ठिपका कुठाय?"

"काढला. आता गप्पांसाठी जास्त जागा आहे, बघा ना—"

"गप्पा गेल्या खड्ड्यात! बाबा उठलेत की नाही?"

मग फोन थांबेनात. अग्निशमन दलानं निवृत्त हेडमास्तरांचं दार फोडलं. मास्तर अंगभर साबण, कमरेला पंचा, आणि सहा जवानांना ओरडत होते, "एका ओळीत उभे राहा!" एका आजीच्या तीन मुली, एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या, एकीनं ठिपका गेल्याचं कळवताच धावल्या आणि एकाच लिफ्टमध्ये अडकल्या. आजी खाली दूध आणायला गेली होती.

आत्या हसून हसून खुर्चीत बसली. "अरे शहाण्या, चाललंय की तुझं ॲप! तुलाच तेवढा पत्ता नाही. ठिपका परत लाव, आणि खोली ठेव."

त्यानं घाईघाईनं ठिपका परत लावला. आत्या प्रत्येक फोनला वहीत मारलेल्या खुणा मोजत होती.

"एक्केचाळीस फोन. एक कमी कसा रे?"

"असेल कुणीतरी बेफिकीर."

त्यानं यादी काढली. फोन न आलेलं नाव सापडलं. सभासदांचा आकडा फुगवायला पहिल्याच दिवशी त्यानं घातलेलं. आई. शेजारी तिनं निवडलेला माणूस: तो स्वतः. दोन वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. त्यानं मात्र एकदाही बघितलं नव्हतं.

आज ठिपका राखाडी होता.

त्यानं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय झालं रे?" आईनं विचारलं. "सकाळी ॲप उघडलं तर माझा ठिपकाच नाही. तू बरा आहेस ना?"