मे महिन्यातले आईबाबा

"कन्यादानाला कोण बसणार तेवढं सांगा. संकल्पाला नावं लागतात," गुरुजी फोनवर म्हणाले.

मी कैरी किसत होते. हात आंबट झाले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला, त्यामुळे गुरुजींचा प्रश्न घरातल्या सगळ्यांनी ऐकला. मोठे दीर श्यामकांतभाऊजी पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं नाही. क्षमावहिनी खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. माझा नवरा सुबोध एकदम पंख्याकडे बघायला लागला, जसा काही तो आजच बसवलाय. आणि जिचं लग्न ती सई हेडफोन कानात घालून आतल्या खोलीत निघून गेली.

"उद्या कळवते गुरुजी."

"उद्या नको हो. संध्याकाळपर्यंत मेसेज टाका. या आठवड्यात माझी चार लग्नं आहेत, नावांची गडबड झाली तर मलाच बोलणी खावी लागतात."

फोन बंद झाला. सुबोध म्हणाला, "दादा-वहिनी आहेत की. त्यात विचारायचं काय?" म्हणाला खरा, पण माझ्याकडे बघून नाही.

मला कन्यादानाला बसायचं होतं. आत्ता सरळ सांगते, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं, सुबोधलाही नाही. सई भाऊजी-वहिनींची मुलगी, सात वर्षांची असताना आमच्याकडे आली. श्यामकांतभाऊजी आणि क्षमावहिनी लग्नाआधीपासूनच एका सेवाभावी संस्थेचे पूर्णवेळ कार्यकर्ते. संस्थेनं त्यांना अरुणाचलात पाठवलं. तिथे डोंगरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात दोघांनी सगळं आयुष्य घातलं. सईला तिथे एका वर्षात दोनदा मलेरिया झाला, दुसऱ्या वेळी डोक्यात गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हिला इथे ठेवू नका. मग ती मुलुंडला आली. माझा ओजस तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याच्या खोलीत तिची खाट टाकली.

तेव्हापासून एकवीस वर्षं दोघं दर मे महिन्यात येतात. तीस दिवस. शाळेतली इतर मुलं सुट्टीत गावाला जायची, सईचे आईबाबा सुट्टीत यायचे. पहिल्याच वर्षी मी मनाशी एक पद्धत ठरवली. ते आले की मी मागे सरकायचं. सईची वेणी वहिनींनी घालायची, तिच्या शेजारी वहिनींनी झोपायचं. मी आठ दिवस माहेरी चिपळूणला निघून जायची. लोकांना वाटायचं, हिला माहेरची केवढी ओढ! ओढ कसली, घरात राहून हात आवरता येत नव्हते.

मी महापालिकेच्या शाळेत क्लार्क होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. दाखले लिहिण्यात जन्म गेला, त्यामुळे फॉर्म भरायची सवय. सईचे सगळे फॉर्म मीच भरले. पालकाचं नाव: शुभा. विद्यार्थ्याशी नातं: काकू. 'काकू' लिहिताना कधी पेन अडखळलं नाही, असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी दुपारी घाटकोपरला दर्शनाकडे केळवण होतं. दर्शना म्हणजे वहिनींची कॉलेजची मैत्रीण. दरवर्षी मेमध्ये ती या दोघांना जेवायला बोलावतेच, यंदा त्याचंच सईचं केळवण केलं. दाराशी रांगोळी, सईच्या ताटाभोवती मोगऱ्याची महिरप. आणि कोपऱ्यात नेहमीसारखी दोन मोठी गाठोडी. ही दोघं येणार म्हटलं की अख्ख्या मुंबईला आपले जुने स्वेटर आठवतात. मुंबईत स्वेटर घालतंय कोण, त्यामुळे असतात मात्र अगदी नवेकोरे.

"श्यामकांत, यंदा किती मुली हो?" दर्शनाच्या नवऱ्यानं विचारलं.

"एकशे बावीस," भाऊजींनी सांगितलं, आणि मग गेल्या वर्षी दरड कोसळून रस्ता बंद झाला तेव्हा सहा दिवस सगळ्यांनी उकडलेला मका कसा खाल्ला ते सांगितलं. ते बोलायला लागले की माणसं जेवायची थांबतात. मीही थांबते. इतक्या वर्षांत मला त्यांचा राग कितीदा आला असेल, पण हा माणूस खोटा आहे असं एकदाही वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

दर्शनानं पुरणपोळ्या आणल्या. वहिनी उत्साहानं म्हणाल्या, "सईला दोन वाढ गं. पुरणपोळी म्हणजे जीव की प्राण तिचा! लहानपणी नुसतं पुरण चोरून खायची."

सईनं हसून ताट पुढे केलं. आठवीत असताना तिला एकदा पुरणपोळी खाऊन इतक्या उलट्या झाल्या, की तेव्हापासून पुरणाचा वाससुद्धा तिला चालत नाही. आमच्याकडे होळीला गुळाच्या पोळ्या होतात, त्या तिच्यापायीच. पण परक्या घरी आपण जसं वाढलेलं गोड मानून घेतो, तशी तिनं पोळी मोडली, तुपात बुडवली आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळली. आईशी ती नेहमीच अशी वागते. कधी उलट बोलत नाही, कधी हट्ट करत नाही. माझ्याशी मात्र दिवसातून दोनदा भांडते.

दुसरी पोळी तिच्या ताटात तशीच होती. भाऊजींचं बोलणं ऐकता ऐकता माझा हात आपोआप पुढे गेला, ती पोळी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. सईनंही न बघता माझ्या वाटीतली काकडीची कोशिंबीर स्वतःकडे ओढली. आम्ही घरी हे रोजच करतो, त्यात विचार नसतो. मी मान वर केली तर वहिनी बघत होत्या. त्या सईकडे बघत नव्हत्या, माझ्या ताटातल्या पोळीकडे बघत होत्या.

माझी अशी वाट लागली म्हणून सांगू! एकवीस वर्षं सांभाळलेली पद्धत एका पोळीनं मोडली.

परतीच्या टॅक्सीत स्वेटरची गाठोडी मांडीवर घेऊन आम्ही पाचही जण घामानं भिजलो. घरी आल्यावर भाऊजी आणि सुबोध आडवे झाले, सई ब्लाउज आणायला टेलरकडे गेली. मी अक्षता करायला बसले. परातीत तांदूळ, कुंकू आणि तेलाचं बोट. वहिनी समोर येऊन बसल्या आणि त्यांनीही हात घातला. त्यांना थोडं काही करायची सवयच नाही. पसाभर तांदळाला त्या शंभर माणसांचा भात कालवावा तशा दोन्ही हातांनी भिडल्या.

"कधीपासून नाही खात?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शुभा, उगाच वेड पांघरू नकोस."

"आठवीपासून," मी म्हटलं. "पण त्यात एवढं काय वहिनी? मुलांच्या आवडी बदलतात."

त्या तांदूळ चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजींना तुमची नावं कळव. तू आणि सुबोध बसा."

इतकी वर्षं जे हवं होतं ते समोर आलं, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. "मोठेपणा नका दाखवू वहिनी. प्रत्येक वेळी सोडणार तुम्ही आणि थोर होणार तुम्ही. आम्ही आपले घेणारे. मला नको असं काही."

आवाज चढला होता. आत सुबोधचं घोरणं थांबलं.

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मोठेपणा कसला गं? आज मला लाज वाटली. माझ्या वसतिगृहातल्या कुठल्या मुलीला सायीचं दूध चालत नाही, कोणाला अंधाराची भीती वाटते, मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि पोटची पोर माझ्यासमोर पाण्याबरोबर पोळी गिळते, आणि मी अजून वाढा म्हणते."

"तुम्ही तिथे बसून होतात का? काम करत होतात."

"ते आहेच. मी पुन्हा जन्मले तरी तिथेच जाईन, खोटं कशाला बोलू? पण कन्यादान माझं होऊन गेलंय शुभा. एकवीस वर्षांपूर्वी, तुझ्या याच दारात. ती तुझा पदर धरून उभी होती आणि मी रिक्षात बसले. मंत्र म्हणायला कोणी नव्हतं, एवढंच. एकदा दिलेलं पुन्हा कसं देऊ?"

मला तो दिवस आठवत होता. रिक्षा वळेपर्यंत वहिनींनी मागे पाहिलं नव्हतं, आणि मी तेव्हा मनात म्हटलं होतं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे.

"भाऊजी काय म्हणतील?"

"त्यांच्याशी मी टॅक्सीतून उतरतानाच बोलले. ते म्हणाले, तूच सांग, मला जमणार नाही." त्यांनी हात झटकले. तळवे लालभडक झाले होते. "मेसेज टाक आता. सहा वाजत आले."

मी कुंकवाच्या बोटांनीच टाइप केलं. संध्याकाळी सईला सांगितलं तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीला डोकं टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, आईला वाईट वाटलंय का गं?" मी म्हटलं, "तूच विचार ना." ती म्हणाली, "मला नाही विचारता येत." तसं वहिनींना ते विचारणं मलाही जमलं नसतं.

लग्न मुलुंडच्याच एका हॉलमध्ये झालं. आलेल्यांपैकी निम्म्यांच्या भुवया उंचावल्या. आईवडील हयात असताना काका-काकू पाटावर कसे? सुबोधची एक आत्या तर मोठ्यानं विचारून गेली. भाऊजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनीच तिला सांगितलं, "आत्या, जे बरोबर आहे तेच चाललंय," आणि चष्मा काढून पुसत राहिले. सुबोधच्या ओंजळीवर मी पाण्याची धार धरली. त्याच्या ओंजळीखाली जावयाची आणि सईची ओंजळ. गुरुजींनी आमची नावं घेतली, श्री. सुबोध आणि सौ. शुभा, गोत्रासकट. मला वाटलं होतं की त्या क्षणी मी भरून पावेन. प्रत्यक्षात माझी नजर सारखी पहिल्या रांगेकडे जात होती. भाऊजींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

विधी उरकले, सई शालू नेसून बाहेर गेली, तेव्हा मी वधूच्या खोलीत गेले. वहिनी तिथेच होत्या. सईनं घाईघाईत सोडलेली पिवळी साडी जमिनीवरून गोळा करून त्या एकट्याच घडी घालायचा प्रयत्न करत होत्या. मधला भाग हनुवटीखाली दाबून धरला होता, तरी साडी सुटत होती.

"द्या एक टोक," मी म्हटलं.

त्यांनी दिलं. आम्ही साडी ताणून धरली, झटकली. थोड्या अक्षता खाली पडल्या. दोन्ही टोकं जुळवायला मी पुढे आले तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "शुभा, तिला रात्री पंखा लागतो का गं?"

"लागतो. पाचवर. थंडीतसुद्धा."

"पाचवर," त्या म्हणाल्या. "आणि पांघरूण?"

"घेते, पण पाय बाहेर ठेवते."

त्यांनी मान हलवली. मग आम्ही पुन्हा मागे सरकलो आणि साडीची पुढची घडी घातली.